देव कठीण मालक आहे असं कुणी सांगितलं?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम सलाम.

मागच्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं. पिकं जातायत, आजारपणं वाढलीत, रोज अपघात होतायत, म्हणजे देव कोपलाय आणि माणसाला शिक्षा देतोय, अशा अर्थाचं. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसणार, माणसानं नीट वागावं एवढंच त्यांना म्हणायचं असेल, पण वाचल्यापासून ते डोक्यातून जाईना म्हणून शेवटी आज लिहायला बसले. मी ख्रिस्ती आहे, नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच बसलंय), 34 वर्षं नर्सची नोकरी करून रिटायर झाले. ते पत्र कोणत्या धर्माच्या माणसानं लिहिलं त्याच्याशी मला काही करायचं नाही, कारण हेच बोलणं मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आमच्या घरगुती प्रार्थनासभांत ऐकत मोठी झाले, आणि आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी हेच फॉरवर्ड करतं, खाली गुलाबाचं फूल लावून. तेव्हा मी दुसऱ्या कुणाला शिकवायला निघालेली नाही, आमच्या घरचंच सांगतेय.

मी 9 वर्षांची असेन. माझी आई चर्चची झाडलोट करायची, पगार वगैरे काही नाही, आपलं देवाचं काम म्हणून. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी ते इवलेसे काचेचे पेले धुवायचं काम आईकडे. औषधाच्या मापाएवढे पेले, आणि ते ठेवायला लाकडी ट्रे, एकेका ट्रेला 40 गोल भोकं पाडलेली, भोकात पेला बसवायचा. एका शनिवारी आई पाणी आणायला गेली आणि मी तिला मदत म्हणून एकेक पेला पुसून ठेवायला लागले, तर एक हातातून सुटला आणि फरशीवर फुटला. आमच्या संडेस्कूलच्या खोलीत भिंतीवर एक मोठा डोळा काढलेला होता, खाली लिहिलेलं, देव पाहत आहे. मला तो डोळाच आठवला. बाजारातली कपबशी नव्हती ना ती, प्रभूच्या रक्ताचा पेला होता, म्हणजे आता देव काय करेल, आई मरेल का, माझे हात झडतील का, असं काहीही मनात यायला लागलं. मी काचा फ्रॉकमध्ये गोळा केल्या आणि चर्चच्या मागं पेरूचं झाड होतं त्याच्या बुडाशी खड्डा करून पुरल्या. आणि ट्रे असा फिरवून ठेवला की रिकामं भोक भिंतीच्या बाजूला जाईल.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, ट्रे उचलला आणि रिकामं भोक लगेच दिसलंच असणार, पण ते काही बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून देवाचं काम दुप्पट करायला लागले. वर्गात सगळ्यात जास्त वचनं पाठ माझी, अर्पणाची थैली धरायला मी पुढं, आईच्या आधी जाऊन बाकं पुसायची. सगळे म्हणायचे, केवढी भक्तीची पोरगी आहे. पण संपादक साहेब, ती भक्ती नव्हती हो, भीती होती. पेरूच्या झाडाकडे मी तीन आठवडे फिरकले नव्हते. शेवटी एका दुपारी पाळकसाहेब स्वतःच खुरपं घेऊन त्या झाडाखाली उकिडवे बसलेले दिसले, काचा एकेक वेचून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवत होते, पावसानं माती वाहून गेली होती आणि काचा वर आल्या होत्या, पोरं तिथं अनवाणी खेळायची. मला बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, बाळ, एवढे दिवस हे एकटीनंच वागवलंस होय, मला नाही का सांगायचंस. बास, एवढंच. मग मला म्हणाले, तू लांब उभी राहा, पायाला लागेल.

हे मला पुढं 20-22 वर्षं नीट कळलं नाही, तेही सांगते.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, तालांताची गोष्ट आहे, बऱ्याच वाचकांनी ऐकली असेल. मालक परगावी जाताना तीन चाकरांना पैसे देऊन जातो, एकाला 5 तालांत, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1. एक तालांत म्हणजे काही थोडे पैसे नव्हेत बरं का, 6000 दिनार होतात, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे आठवड्याची सुट्टी सोडली तर जवळजवळ 20 वर्षांची कमाई. पहिले दोघं धंदा करून दुप्पट करतात, तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. आमच्याकडे या गोष्टीवर उपदेश झाला की नेहमी एकच ऐकायला मिळतं, आळशी होऊ नका, आपलं कौशल्य देवाच्या कामाला लावा, गाता येत असेल तर गायनमंडळात या. चुकीचं नाही ते. पण त्या तिसऱ्यानं पुरलं का, त्याचं कारण तो स्वतः मालकाला सांगतो, की मला माहीत होतं तुम्ही कठीण माणूस आहात, न पेरता कापणारे, म्हणून मी भ्यालो. म्हणजे त्याचा आळस नंतरचा, आधी त्याच्या मनात मालकाचं जे चित्र होतं तेच चुकीचं होतं. ज्या मालकानं 20 वर्षांची कमाई विश्वासानं, काही लिहून न घेता, हातात ठेवली तो कंजूष कसा असेल? पण त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. देव कसा आहे असं आपण मनात धरतो तशीच आपल्या हातून सेवा होते, मला आज एवढीच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळं तिच्याच आजूबाजूचं.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात मी नर्सिंग शिकले. 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलेलं ते हॉस्पिटल. मग लग्न, नोकरी, पहिला मुलगा. 1988 साली दुसरा मुलगा झाला, सातव्या महिन्यातच, आणि नवव्या दिवशी गेला. मी नर्स आहे, काय झालं ते मला कळत होतं, फुप्फुसं तयार झालेली नव्हती आणि त्या वेळी आमच्या भागात एवढ्याशा बाळाला श्वास द्यायची सोय नव्हती. पण माती देऊन आलो त्याच संध्याकाळी मंडळीतले एक वडीलधारे घरी आले, नाव नको, ते आता हयात नाहीत, आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, घरात काही लपलेलं पाप असेल तर शोधा, देव उगाच मारत नाही. भिंत पातळ होती. मी आत पडून होते, दूध उतरत होतं आणि घ्यायला बाळ नव्हतं, आणि हे ऐकलं.

त्यानंतर मी काय केलं असेल? चर्च सोडलं नाही. उलट शुक्रवारचा उपास धरला, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, पै-पैचा मोजून द्यायला लागले, महिला संघाची सेक्रेटरी झाले, आजाऱ्यांच्या भेटी, कापणीच्या सणाची तयारी, सगळं अंगावर घेतलं. लोकांना वाटलं, बाई दुःखातून सावरून देवाला जवळ धरून राहिली. खरं म्हणजे माझा मोठा मुलगा तेव्हा 4 वर्षांचा होता आणि मी त्याचे हप्ते भरत होते. देवानं त्याला नेऊ नये म्हणून. ज्याचे हप्ते भरायचे त्याच्यावर प्रेम कसं बसणार, त्याला फक्त सांभाळून राहायचं. प्रार्थनेत मी त्याला बापा म्हणायचे आणि मनात तो सावकार होता. त्या तीन वर्षांत मी किती कामं केली त्याची यादी मोठी होईल, पण एका माणसालाही माझ्यामुळं देव आवडला असेल असं वाटत नाही. आजारी माणसाला भेटायला गेले की मीसुद्धा हळूच तेच विचारायचे, काही मनात असेल तर कबूल करून टाका. देवाची सेविका म्हणून मी हे केलंय, त्यातल्या काही माणसांची मला आता माफी मागता येत नाही.

हे सुटलं कसं, तर एका रात्रपाळीत. शेवगावकडच्या एक म्हाताऱ्या आजी वॉर्डात होत्या, गळ्यात तुळशीची माळ, वारी केलेल्या. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांची चादर खराब झाली आणि त्या लाजून रडायला लागल्या, मी त्यांना पुसलं, चादर बदलली, त्यात काय एवढं, रोजचंच काम. तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, माउली गं माझी. वारकरी सगळ्यांनाच माउली म्हणतात हे मला माहीत होतं, मीही नगरचीच आहे. पण वॉर्डातल्या नर्सच्या टेबलाशी परत येऊन बसले आणि एकदम वाटलं, ही बाई मला जे म्हणाली ते मी देवाला कधी मनापासून म्हटलंय का. आमच्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून अभंग लिहिले, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, ते अभंग मी टाळ-मृदंगावर लहानपणापासून गायलेत. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातही देव म्हणतो की आई जसं लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. सगळं पाठ होतं. आणि तरी घाणीत पडलेल्या लेकराला बघून आई आधी काय करते, हा विचार तीन वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता. ती आधी पाप शोधत नाही हो, ती आधी पुसते. तेव्हा मला पेरूखाली उकिडवे बसलेले पाळकसाहेब आठवले, आणि पहाटेच्या त्या वेळी मी पहिल्यांदा माझ्या बाळासाठी मोकळेपणानं रडले.

मग मी पवित्र शास्त्र जणू नव्यानं वाचायला घेतलं. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्यांचा पहिला प्रश्न हाच, पाप कुणी केलं, यानं का याच्या आईबापानं? येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही, आणि मग खाली वाकून मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांना लावतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेल्याची गोष्ट निघते, तिथंही तो विचारतो, ती 18 माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच सांगतो, नाही. पुढं हेही सांगतो की तुम्ही सगळ्यांनीच पश्चात्ताप करा, म्हणजे मेलेल्यांचा हिशेब मांडू नका, स्वतःकडे बघा. ईयोब म्हणजे काही चूक नसताना मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गेलेला माणूस, त्याचे मित्र तर पानंच्या पानं हेच बोलतात की तुझं काहीतरी चुकलंच असणार, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत म्हणून. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवरच देव रागावला! संपादक साहेब, तुमच्या त्या वाचकांनी एकदा ईयोब वाचावा, माझी कळकळीची विनंती आहे, आणि आमच्या ग्रुपवरच्या गुलाबाच्या फुलवाल्यांनी तर नक्कीच.

पंडिता रमाबाईंचं नाव महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांची ही बाजू फार कमी जणांना माहीत असते. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथं सिस्टरांकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, त्या राहत होत्या. तिथल्या सिस्टर लंडनमध्ये फुलम भागात एक आश्रम चालवायच्या, ज्या बायकांना समाजानं वाईट ठरवून टाकलं होतं त्यांच्यासाठी. रमाबाई तो बघायला गेल्या. शास्त्रं कोळून प्यायलेली ही बाई, आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊ गेला, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, पदरात लहानगी मनोरमा. त्यांनी असं कधी बघितलंच नव्हतं की अशा बायकांना हाकलायच्या ऐवजी कुणी मायेनं सांभाळतंय. त्यांनी सिस्टरना विचारलं, तुम्ही हे का करता? तर सिस्टरनी त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरची शोमरोनी बाई, म्हणजे यहुदी लोक ज्यांना दूर ठेवत त्यांच्यातली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला येणारी, आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. रमाबाईंना तिथं देव कसा आहे ते दिसलं. आधी कामाचं कारण विचारलं आणि त्या कारणात देव सापडला, असा त्यांचा क्रम.

आणि तरीसुद्धा त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितलंय की बाप्तिस्मा झाल्यावर 8 वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे कबूल करायला केवढी हिंमत लागली असेल बघा. तोपर्यंत त्या अमेरिकेत फिरून आल्या होत्या, 1889 साली मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली होती, ती पुण्याला हलवली होती, जगभर नाव झालं होतं. काम जोरात चालू असतानाच त्यांना कळलं की मी ज्याचं काम करतेय त्याला मी अजून ओळखत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते, कारण महिला संघाच्या सेक्रेटरीला हे फार जवळचं होतं.

त्यानंतरचं त्यांचं काम बघा. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या, विकायला काढलेल्या पोरींना गोळा करून घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावला नेलं, आमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं. तिथं मुक्ती मिशन उभं राहिलं, पुढं 1900 च्या सुमाराला दीड हजारांच्या घरात बायका-मुली तिथं राहत होत्या. अंध मुलींसाठी वेगळं सदन, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. फुलमला जे बघितलं होतं ते दौंडच्या माळावर आलं. शेवटची वर्षं त्यांनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत आणायला दिली, खेड्यातल्या बाईला कळेल असं, आणि ते छापलं मुक्तीतल्या बायकांनीच, टाईप जुळवण्यापासून सगळं. 1921 ला मनोरमा गेली, 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल त्यांच्यानंतर छापून बाहेर आलं. बघा, आईबाप, भाऊ, नवरा, लेक, सगळी गेली, आमच्यातल्या काहींच्या हिशेबानं त्यांच्या घरात केवढं पाप असायला पाहिजे होतं!

आता एक प्रश्न मला नेहमी विचारतात, आमच्या तरुण संघातल्या पोरांनी तर हमखास, की मग मावशी, देव काहीही चालवून घेतो का? नाही, चालवून घेत नाही. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात देव मोशेला आपलं नाव सांगतो, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, आणि त्याच दमात हेही सांगतो की अपराध्याला तो तसाच मोकळा सोडत नाही. पण हे कधी सांगतो ते बघायला पाहिजे. लोकांनी नुकतंच पूजेला सोन्याचं वासरू केलंय, देवानं आज्ञा लिहून दिलेल्या दगडी पाट्या मोशेनं रागानं आपटून फोडल्यात, आणि देव म्हणतोय, पहिल्यासारख्या दोन पाट्या घडवून आण, मी त्यावर पुन्हा लिहितो. फुटलेलं आहे हे त्याला माहीत आहे, त्याचा त्याला रागही आहे, आणि पुन्हा लिहायला तोच बसलाय. मंदक्रोध हा शब्द मला फार आवडतो, देवाला राग येतच नाही असं त्यात नाही, तो यायला वेळ लावतो एवढंच त्यात आहे.

आणि राग कशाचा येतो तेही वाचा ना. आमोसाच्या पुस्तकात तो म्हणतो, तुमचे सण मला नकोत, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशयाच्या 58 व्या अध्यायात उपास करणाऱ्यांनाच सुनावलंय, उपासाच्या दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना पिळता, मला पाहिजे तो उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर देणं, जुलमाच्या गाठी सोडणं. याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत पोचतेय असं लिहिलंय. आपण कुणाच्या घरी बाळ गेलं की पाप शोधायला जातो आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्यानं कामवालीचे दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत तिथं गप्प बसतो. देवाचा राग आपण भलत्याच पत्त्यावर पोचवतोय.

अलीकडं मोबाईलवर आणखी एक निघालंय. इतके हजार अर्पण पाठवा, हे पेरलेलं बियाणं आहे, देव शंभरपट देईल, खाली क्यूआर कोड. आमच्या मंडळीतल्या एका बाईनं मंगळसूत्राची वाटी मोडून पैसे पाठवले, मुलाला नोकरी लागावी म्हणून. लागली नाही तर पैसे मागणाऱ्यांनी तिला सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला. मला इतका राग येतो याचा की लिहिताना हात थरथरतोय. तेव्हाचा देव हप्ते वसूल करणारा सावकार होता, आताचा देव स्कीम काढणारा एजंट झालाय, आणि दोन्हीकडं लुबाडला गेला तो साधा विश्वासू माणूस. ज्यानं रमाबाईंच्या पोरींना माळावर भाकर दिली तो देव हा नव्हे.

आणि योनाचं सांगायचं राहिलंच, निनवे शहराला इशारा द्यायला देवानं पाठवलेला, पण उलट दिशेला पळालेला संदेष्टा. इतकी वर्षं मी समजत होते की देवाचा स्वभाव एकदा कळला की माणूस आपोआप नीट सेवा करेल. योनानं ते खोटं पाडलं. माशाच्या पोटात गेलेला एवढंच आपल्याला माहीत, पण शेवटच्या म्हणजे चौथ्या अध्यायात तो देवाशी भांडतोय ते वाचा. तो म्हणतो, मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो. निर्गमातलं ते वाक्य त्याला तोंडपाठ होतं! त्याला देव कळला होता पण आवडला नव्हता. निनवेच्या लोकांवर दया झाली हेच त्याचं दुःख. आणि देव त्याला विचारतो, त्या शहरात 1,20,000 च्या वर माणसं आहेत आणि कितीतरी गुरंढोरं, मला त्यांची कीव येऊ नये का? पुस्तक तिथंच संपतं, योनाचं उत्तर नाही. मी स्वतःला विचारते, ते जे वडीलधारे माझ्या घरी येऊन तसं बोलून गेले त्यांच्यावर देवानं दया केली असेल तर मला चालेल का? पुष्कळ वर्षं चालत नव्हतं. ते शेवटच्या आजारात आमच्याच वॉर्डात होते, 12 दिवस, त्यांची मुलं लांब होती. मी ड्युटी म्हणून सगळं केलं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली, पण पहिले आठ-नऊ दिवस तोंडातून एक गोड शब्द काढला नाही. दहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, सिस्टर, देव मला घेईल ना हो? त्यांना भीती वाटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांना जो देव दाखवला तोच आता त्यांच्या उशाशी उभा होता. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली, वाटणीचे पैसे उडवून परत येणाऱ्या पोराची, बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत जातो ती. त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. तरी पुन्हा सांग म्हणाले. तीन रात्री सांगितली.

म्हणून संपादक साहेब, असली पत्रं छापताना एवढा विचार करा की ती एखाद्या आईच्याही हातात पडतात, जिचं लेकरू कालच गेलंय. आणि आमच्या पाळकांना, संडेस्कूलच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की पोरांना वचनं पाठ करायला लावा पण आधी सांगा की काही फुटलं तर येऊन सांगायचं असतं. भिंतीवरचा तो डोळा पुढं रंगकामात पुसला गेला, पण डोळ्यापेक्षा तिथं खुरपं घेऊन उकिडवे बसलेले आमचे पाळकसाहेब काढायला पाहिजे होते असं मला वाटतं.

शनिवारचे पेले आता मी धुते, आता ते प्लॅस्टिकचे आलेत, पडले तरी फुटत नाहीत. आमच्या मंडळीतल्या एका मुलीच्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालंय, तिशीतली पोरं आहेत दोघं. तिला कुणीतरी 40 दिवस उपास करायला सांगितलाय, घराण्याचा शाप तोडायला. परवा मला म्हणाली, सिस्टर, माझं काय चुकलं असेल हो? मी म्हटलं तुझं काही चुकलेलं नाही, आधी जेव. मंगळवार आणि शुक्रवार मी तिच्याबरोबर जाते, मशीन चार तास चालतं तेवढा वेळ ती एकटी बसू नये म्हणून. उद्या मंगळवार आहे, सकाळी साडेसहाची एसटी, डबा करायचाय, त्याला मीठ कमी आणि बटाटा-टोमॅटो चालत नाही म्हणून दुधी आणून ठेवलाय.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
अहिल्यानगर